ताजं तेल

माझ्या तोंडाला खोटं फार लवकर येतं. दुकानदारीत जन्म गेला की असं होतं. पोतं शिगोशीग भरलेलं असलं तरी गिऱ्हाइकाला "शेवटचंच हाय बगा" म्हणायचं, हे मी चालायला लागायच्या आधीच शिकलो असेन. माझे अप्पा, बसवंतराव, असं कधी बोलत नसत. तरी गिऱ्हाईक त्यांच्याकडेच जास्त यायचं, आणि मला वाटायचं, ते त्यांच्या पांढऱ्या मिशांकडे बघून येतं.

वालूरला आमचं किराणा दुकान होतं. पुढं दुकान, मधे अंगण, मागं दोन खोल्या. आठवडी बाजारांना अप्पा माल घेऊन गाडीनं जायचे, जिंतूरला, सेलूला, कधी पार झरीपर्यंत. वाटेत ओढ्याकाठी मुक्काम पडायचा, आणि पावसाळा सरताना ओढ्याकाठचे डास माणसाला उचलून नेतील असे. त्यासाठी अप्पा घरीच एक तेल करायचे. करंजाच्या तेलात निंबाच्या आणि निरगुडीच्या पाल्याचा रस घालून तो मंद जाळावर आटवायचा. रसातलं पाणी आहे तोवर कढई तडतडत राहते. तडतड थांबली की तेल झालं. ते गाळून कोमट झालं की त्यात डोंगरातल्या रोशा गवताचं तेल थोडं घालायचं, म्हणजे वासही चांगला येतो. हातापायाला चोळायचं, उरलेलं बैलांच्या मानेला लावायचं. मग डास असो की गोमाशी, जवळ फिरकत नसे. मडक्याचं तोंड बांधून ठेवलं तर हे तेल सहा महिने तसंच राहतं. सहा महिने. पुढचं सगळं याच गोष्टीवर अडलं, म्हणून दोनदा सांगितलं.

मोठं युद्ध सुरू होऊन वर्ष झालं होतं, त्या आश्विनातली ही गोष्ट. जंगलाच्या हद्दी मोजायला हैदराबादेहून एक साहेब आला आणि दुधना नदीकाठच्या आमराईत त्याचे तंबू पडले. दुसऱ्याच दिवशी सकाळी त्याचा शिपाई आश्रुबा आमच्या ओट्यावर येऊन बसला. आश्रुबा आमच्याच भागातला, वर्षानुवर्षं अप्पांकडून गूळ नेलेला. तो म्हणाला, "साहेबाचं तोंड सुजून भोपळा झालंय. तुमच्या म्हाताऱ्याचं कायतरी तेल हाय म्हनं."

अप्पांचा जुना खोकला तेव्हा वाढला होता, ते आत पडून होते. मीच एक शिशी भरून घेऊन गेलो. साहेबानं तेल चोळलं आणि संध्याकाळभर नदीकाठी खुर्ची टाकून कागद लिहीत बसला. एक डास बसला नाही. दुसऱ्या दिवशी मला बोलावणं आलं. शेजारी पेशकार माणिकराव दौत-टाक घेऊन बसलेले. कागदपत्रं सगळी त्यांच्या हाती, आणि माणसंही.

"क्या डालते इसमें?" साहेबानं विचारलं. "पेशकारसाब को लिखवा दो."

अप्पांनी आयुष्यभर वापरलेली कृती, ती अशी फुकट कागदावर चढायची. शिवाय घरी मडकं काठोकाठ भरलेलं. तेवढं आहे कळलं तर तेवढं सगळंच जाणार. माझ्या तोंडानं मला न विचारताच उत्तर दिलं.

"हुजूर, हे लिहून जमत न्हाई. हाताचा गुन असतो. अन् रोज ताजं काढावं लागतं. दुसऱ्या रोजी उतरून जातं."

मला वाटलं, मी फार शहाणपणा केला. आता साहेबाचा माणूस रोज माझ्या दुकानी येणार आणि सगळं वालूर बघणार. पण साहेब सरळ माणूस होता. त्यानं दोनदा मान हलवली आणि म्हणाला, "रोज ताजा? तो फिर साथ चलो." माणिकरावांनी यादीत माझं नाव घातलं, चन्नप्पा बसवंतराव, तेलवाला. मी आपल्या हातानं आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला होता, आणि वर लवून मुजराही केला होता.

कढई न्यायला घरी आलो तेव्हा अप्पा उठून बसले होते. "मडकंभर तेल हाय की. देऊन टाकायचं," ते म्हणाले.

"सगळंच देऊन टाकायचं तर दुकान कशाला मांडलंय, अप्पा?"

त्यांनी हात लांबवून कढई चाचपली. थोड्या वेळानं म्हणाले, "किती दिस?"

"चार-आठ दिस."

"जा मंग. संबाळून."

तळ दोन दिवस इथं, तीन दिवस तिथं असा हलत राहिला. मोजणीच्या साखळ्या पुढं, आम्ही मागं. गाडीवाले, पाणक्या, न्हावी, दूधवाले, सगळे यादीतले लोक. बोलावलेलं कुणालाच नव्हतं, आणलेलं सगळ्यांना होतं. एक गाडीवाला तिसऱ्या दिवशी पळाला. शिपायांनी त्याच्या मागं धावाधाव केली नाही. त्याचे बैल तेवढे सोडून आणून तंबूमागं बांधले. संध्याकाळी तो आपला आपण परत आला.

एकानं दुधात पाणी घातलं होतं. त्याला साहेबानं दिवसभर उन्हात उभं केलं, चरवी डोक्यावर देऊन. "साहेबाला लबाडी खपत न्हाई," आश्रुबा मला म्हणाला. मी त्याला काही विचारलेलं नव्हतं.

रोज दुपारी मी सगळ्यांसमोर कढई चढवायचो. दुसऱ्या दिवशी सकाळी उरलेलं तेल माणिकरावांच्या देखत मातीत ओतायचो, कारण ते 'उतरलेलं' असायचं. सोन्यासारखं तेल. अप्पांना ते कळलं असतं तर त्यांनी माझ्या थोबाडीत दिली असती, आणि मी ती खुशीनं खाल्ली असती. चार-आठ दिवसांचे पंधरा झाले, पंधराचे वीस. तळ जिंतूरच्या पलीकडे डोंगरात शिरला. चारी बाजूंनी उघडं रान, कुठं भिंत नाही, कुंपण नाही, आणि मी एका कढईला बांधलेला. खूप वेळा वाटायचं, सरळ चालू लागावं. पण माझं दुकान काही बैलांसारखं सोडून नेता येत नव्हतं, आणि ते कुठं आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं.

त्या तळावरून सुटायची एकच वाट होती, ती मला रामकिशन पाणक्यानं दाखवली. एका सकाळी त्याच्या गावाहून निरोप आला, चुलता गेला. रामकिशन माणिकरावांपुढं जाऊन उभा राहिला मात्र, माणिकराव सोवळंओवळं पाळणारे, ते धोतराचा सोगा आवरत उठले आणि दोन पावलं मागं सरले. "लांब हो. लांब हो आधी. दहा दिवस इकडं फिरकू नकोस." यादीतून नाव गेलं. इतक्या दिवसांत एकाही माणसाला न मिळालेली मोकळीक त्याला चिलीम ओढायला लागतो तेवढ्या वेळात मिळाली. हा चुलता गेल्या वर्षीही एकदा गेला होता, असं गाडीवाले म्हणत होते.

दुपारी मी कढईशी बसलो असताना माणिकरावांनी सहज विचारलं, "तुमच्यात किती दिवस असतं रे सुतक?"

"आमच्यात सुतकच न्हाई, पेशकारसाहेब," मी ताठ होऊन म्हणालो. "गळ्यात लिंग असलेल्याला इटाळ कसला? मानूस जातो म्हंजे शिवात मिळतो. त्यात बाटायचं काय हाय?"

हे खरं होतं. आम्हा लिंगायतांत सुतक नाही, जन्माचं नाही, मरणाचंही नाही. लहानपणापासून अप्पांच्या तोंडून हेच ऐकलं होतं. त्या तळावर मी बोललो त्यात एवढीच एक गोष्ट खरी होती, आणि खोट्यापेक्षा तीच मला महाग पडली.

तीन दिवसांनी आमच्या गावचा लिंबाजी कडब्याची गाडी घेऊन तळावर आला. मला बाजूला घेऊन म्हणाला, "तुझ्या अप्पाला धाप लागलीय. वैद म्हनला, आठ दिस काढले तर लय. महानंदावहिनी म्हनल्या, जमलं तर या. म्हातारं रोज इचारायलंय, चन्ना आला का, चन्ना आला का."

मी तसाच माणिकरावांकडे गेलो.

"आजारी म्हातारे सगळ्यांच्याच घरी आहेत," ते म्हणाले. "मयत झाली तर बघू."

"मयत झाल्यावर जाऊन मी काय करू, साहेब?"

"ते मला काय विचारतोस? तू गेलास तर तेल कोण करणार? तुझ्याच हाताचा गुण आहे ना?"

तेव्हाच सांगायला हवं होतं. घरी मडकंभर तेल आहे, हा हंगाम सरेल एवढं आहे, माणूस पाठवा आणि घेऊन या. शब्द ओठांपर्यंत आले. पण तो दूधवाला डोळ्यांसमोर आला, चरवी डोक्यावर घेतलेला. वीस दिवस मी साहेबाच्या तोंडावर खोटं बोललो होतो, रोज तेल ओतून बोललो होतो. मला बाहेर उभं केलं असतं ते चाललं असतं. दुकानाला कुलूप ठोकलं असतं तर अप्पांना कळलं असतं की कशासाठी. मी तोंड मिटून परत फिरलो. स्वतःचा इतका राग मला कधी आला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी माणिकरावांच्या तंबूपासून वीस पावलांवर उभा राहिलो, सुतकी माणूस राहतो तसा.

"अप्पा गेले," मी म्हणालो. रडायचं सोंग करावं लागलं नाही.

माणिकराव मागं सरले नाहीत. डोळे बारीक करून बघत राहिले. "तुमच्यात सुतक नसतं ना?"

"बढाई मारली होती, साहेब. आमच्या घरात पाळतेत. धा दिवस."

"पाळता? आणि बाप गेला तरी डोक्यावर केस?" त्यांनी न्हाव्याला हाक मारली. "ह्याचं आधी उरकून टाक. मग जाऊ दे."

आमच्यात मेलेल्यासाठी डोकं भादरत नाहीत. जिवंत माणसासाठी तर जगात कुठंच भादरत नसतील. मी दगडावर बसलो. सदऱ्याची गुंडी लावून गळ्यातलं लिंग आत ढकललं, त्याला तरी हे दिसू नये म्हणून. न्हाव्यानं डोकं केलं, मग मिशी केली. मधेच साहेब तंबूबाहेर आला. माझ्याकडे बघून त्यानं कपाळाला हात लावला आणि हळूच म्हणाला, "सब्र करो भाई, सब्र करो." तो ओरडला असता तर बरं झालं असतं.

लिंबाजीची गाडी रिकामी परत चालली होती. त्यानं माझं डोकं बघितलं, काल आपणच काय निरोप दिला होता ते त्याला आठवलं असणार. त्यानं आपल्या डोक्याचा रुमाल काढून माझ्या हातात दिला. "बांध," म्हणाला. एवढंच.

दुसऱ्या दिवशी दुपारी घरी पोचलो. माझ्या बायकोनं, महानंदानं, दार उघडलं, माझ्या ओठावर मिशी नाही हे तिला आधी दिसलं, आणि तिनं पदर तोंडाला लावला.

"हायेत?" मी विचारलं.

"हायेत."

मला आनंद झाला. लाज-शरम सगळी मागं पडली आणि नुसता आनंद झाला. अप्पांच्या डोळ्यांत दोन वर्षांपासून मोतीबिंदू होता, माणूस ते आवाजावरूनच ओळखायचे. बाहेरगावाहून आलो की मी त्यांच्यापुढं वाकायचो, आणि ते माझ्या कपाळाला भस्म लावून डोक्यावर हात ठेवायचे. मी रुमाल न सोडताच वाकलो.

"रुमाल काढ की," अप्पा म्हणाले. आणि मी काढायच्या आत त्यांनीच तो मागं सारला.

हात डोक्यावर आला आणि थांबला. मग हळूहळू मागपर्यंत फिरला, कानापर्यंत आला.

"कोन गेलं रं?"

महानंदानं तोंड फिरवलं.

"आपल्यात तर केस काढत न्हाईत. कुनासाठी काढले?" हात कपाळावरून खाली आला, नाकाखाली आला, जिथं मिशी नव्हती तिथं थांबला. अप्पांना बुद्धी नेहमीच माझ्यापेक्षा जास्त. बराच वेळ ते नुसते धापा टाकत राहिले. मग म्हणाले, "कवा गेलो म्हनं मी?"

"काल सकाळी," मी म्हणालो.

"मला तर कुनी सांगितलं न्हाई."

ते हसले, हसण्याचा खोकला झाला, आणि खोकला थांबेपर्यंत मी त्यांच्या छातीवर डोकं टेकून रडत होतो. मी सगळं सांगितलं, तेल, यादी, मातीत ओतलेलं तेल, सगळं. मला वाटलं रागावतील. ते म्हणाले, "आलास न्हवं. मंग झालं. धा दिस हायेत ना आपल्याकडं? तेवढ्यात खरंच जातो मी, म्हंजे तुझं खोटं पडायचं न्हाई. फकस्त जाताना इथं बस. हात धरून. मला दिसत न्हाई, तर कोन हाय ते कळलं पायजे."

मी हो म्हणालो. एवढं तरी मला जमणार होतं. त्यासाठीच तर डोकं देऊन आलो होतो.

तीन दिवस मी त्या खोलीतून हललो नाही. दुकान बंद ठेवलं, कुणी विचारलं तर म्हाताऱ्याला बोलवत नाही एवढंच सांगायचो. अप्पांचा हात माझ्या हातात असायचा. धाप कमी असली की ते जुन्या बाजारांच्या गोष्टी सांगायचे, कुठल्या ओढ्याला बैल अडले, कुठल्या झाडाखाली तेल संपलं आणि रात्रभर मार कसा खाल्ला. ऐकताना वाटायचं, सुटलो. खोटं बोलून का होईना, सुटलो.

चौथ्या दिवशी ऊन चढत असताना दारात घोडा थांबला. मी खोलीचं दार ओढून घेत बाहेर आलो. आश्रुबा घोडा बांधून अंगणात येत होता.

"साहेबाचं पुन्यांदा तोंड सुजलं," तो म्हणाला. "पेशकार म्हनले, सुतक्याच्या हातचं तेल कसं चालंल? साहेब म्हनले, मच्छर को कायका सुतक? जा, लेके आव. मंग आलो." त्यानं सावली बघून अंगणातच बैठक मारली. "ताजंच पायजे पन. उतरलेलं न्हाई चालायचं, असं लय बजावलंय. कर सावकाश, मी बसतो."

तेलानं भरलेलं मडकं अप्पांच्या खाटेखाली होतं. ते आणून शिशी भरायला वेळ लागला नसता, आणि आश्रुबा घोड्यावर बसून निघून गेला असता. पण ताजं लागणार होतं. ताज्याचा नियम मीच केला होता.

"घरात कोन कोन?" आश्रुबानं विचारलं. नुसतं विचारायचं म्हणून विचारलं.

"आमी दोघंच," मी म्हणालो. पाहुणा आलाय म्हणालो असतो, चुलता आलाय म्हणालो असतो, काहीही चाललं असतं. पण माझं तोंड माझ्या आधी धावतं.

महानंदा निरगुडीचा पाला आणायला ओढ्याकडे गेली. मी चूल पेटवली, निंबाचा पाला उखळात घातला. आतून एक खोकला आला. मी मुसळ जोरानं आपटलं. आश्रुबा अंगणातल्या बेलाकडे बघत होता. "म्हातारं लय भलं होतं," तो म्हणाला. "गूळ मोजताना ताजव्यात वरून एक खडा टाकायचंच." मी मान हलवली. आतून पुन्हा खोकला आला, पण अर्धाच, कुणीतरी तोंडावर उशी दाबावी तसा. अप्पांनी आश्रुबाचा आवाज ओळखला होता.

महानंदा आली, गाळायला फडकं आणते म्हणून आत गेली. बाहेर येऊन तिनं फडकं पाल्यावर टाकलं. माझ्याशेजारी बसून रस पिळत ती पुटपुटली, "तोंडात रुमाल धरलाय. घट. मला हातानं जा जा म्हनले."

मी रस तेलात ओतला आणि कढई तडतडायला लागली. त्या आवाजाचा मला आधार वाटला. तो मोठा व्हावा म्हणून मी जाळ वाढवला. तेलावर धूर आला.

"जाळ कमी कर, करपल," आश्रुबा म्हणाला. "मला घाई न्हाई."

मी लाकडं मागं ओढली. मंद जाळावर रस आटायला किती वेळ लागतो ते मला लहानपणापासून ठाऊक होतं. खोलीचं दार माझ्यापासून दहा पावलांवर. एकदा उठून आत जावं, हात धरावा, नुसता एकदा दाबून यावं, असं चारदा मनात आलं. चारदा आश्रुबाकडे बघितलं आणि तेल ढवळत राहिलो. महानंदालाही उठता येईना, एकदा आत जाऊन आलेली बाई पुन्हा कशाला जाईल? आम्ही दोघं चुलीपुढं बसलो होतो, जणू कुणी आमच्या पायांत बेडी घातली होती.

तडतड हळूहळू कमी होत गेली. तसतशी माझी भीती वाढली, आता खोकला आला तर सगळं अंगण ऐकेल. मी कान दाराकडे लावला. आला नाही. तेल गाळलं, तरी आला नाही. अप्पांनी आवरलं, म्हणालो मनात. मला त्यांचा अभिमान वाटला. आजही आठवतं, अभिमानच वाटला होता.

तेल कोमट होईपर्यंत थांबलो. रोशाचं तेल घातलं, शिशी भरली, बूच लावलं. आश्रुबानं ती फडक्यात गुंडाळून कमरेला बांधली आणि दारापर्यंत गेला. तिथं वळून, महानंदाला ऐकू जाणार नाही एवढ्या आवाजात म्हणाला,

"चन्नप्पा, म्या कुनाला सांगनार न्हाई. पैल्या खोकल्यालाच कळलं मला. तो खोकला मी वीस वर्सं ऐकलाय. तुमी लपवायलाव म्हनून मी गप बसलो." मग तो जरा थांबला. "आता आत जा. लय येळ झाला, ऐकूच आलं न्हाई."

मी आत गेलो. अप्पा भिंतीकडे तोंड करून होते. रुमालाचं टोक अजून दातांत होतं. एक हात छातीवर, मुठीत लिंग. दुसरा हात खाटेच्या कडेवरून बाहेर आलेला, तळवा वर केलेला, माझ्या बाजूला. मी तो धरला. तो अजून गार पडला नव्हता.

संध्याकाळी आम्ही त्यांना आमच्या रीतीप्रमाणे बसवून मातीत ठेवलं. दहा दिवस भरल्यावर मी परत तळावर गेलो, दुसरा काही उपाय नव्हता. माणिकरावांनी विचारलं, सगळं नीट झालं ना. मी हो म्हणालो आणि कढई चढवली.

अप्पा कुठल्या दिवशी गेले ते पेशकारांच्या कागदात लिहिलेलं आहे, मी सांगितलं तसं. खरा दिवस मला ठाऊक आहे. वेळ मात्र नाही. महानंदा आत गेली तेव्हा ते होते, मी तेल गाळलं तेव्हा बहुतेक नव्हते. मधल्या वेळात कधीतरी त्यांनी हात बाहेर काढला असेल, आणि मी दहा पावलांवर बसून जाळ सांभाळत होतो.